ठाणे-इगतपुरी-ठाणे, साडेसात मिनिटं

स्पिती, मेघालय आणि गोकर्णबद्दल लिहून झाल्यावर बऱ्याच जणांनी मेसेज केले की ताई, जवळचं काहीतरी सांगा, एका दिवसात होणारं, रजा न लागणारं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झेपणारं. सांगते. डोंबिवलीहून निघायचं, कल्याणला माझ्या वडिलांना गाडीत घ्यायचं, ठाण्याला एका बागेत पोचायचं आणि तिथून ट्रेनने कल्याण, कसारा करत इगतपुरीला जाऊन परत यायचं. जाऊन येऊन साडेसात मिनिटं लागतात, थांबे धरून. अडचण एकच आहे, ही ट्रेन आता बंद झाली. मी शेवटच्या दिवशी गेलेले. त्यामुळे तुम्हाला जाता येणार नाही, पण रस्त्याची आणि खाण्याची माहिती उपयोगी पडेल.

ट्रेन बागेतली. तीन डबे, बाहेरून वाफेचं दिसणारं आणि आतून रिक्षाचं इंजिन, आणि गोल फिरणारा तीनशे मीटरचा रूळ. चालवायला माझे पप्पा आणि मालक लिमये काका. पप्पा बहात्तर वर्षांचे, काका ऐंशीचे. दोघेही पूर्वी खऱ्या रेल्वेत, एकाच मालगाडीवर. पप्पा ड्रायव्हर, काका गार्ड. मालगाडीत ड्रायव्हर पुढच्या टोकाला आणि गार्ड मागच्या, मध्ये अर्धा किलोमीटर कोळसा नाहीतर सिमेंट. बोलायचं ते शिट्टीने आणि झेंड्याने. गाडी कसाऱ्याला थांबली की मग एकत्र डबा खायचा. अशी त्यांची दोस्ती झाली.

पप्पा अठ्ठेचाळीसचे असताना डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. इंजिनवरून उतरवून त्यांना टेबलाशी बसवलं. सहा महिने बसले, मग राजीनामा दिला आणि घरी येऊन खिडकीशी बसले. मी तेव्हा कॉलेजात होते, घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. त्याच वर्षी लिमये काकांनी मुदतीआधी रिटायरमेंट घेतली, ठाण्यातल्या बागेचा ठेका घेतला आणि ही गाडी काढली. ड्रायव्हर पाहिजे म्हणून आमच्या कल्याणच्या घरी आले. ही गाडी त्यांनी कोणासाठी काढली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि पप्पांनी कधी विचारलं नाही. आई मात्र सांगायची.

त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. त्यातली शेवटची अकरा वर्षं दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत.

कारण सांगते, हसू नका. एका रविवारी एका पोराचा बॉल रुळावर आला. काका फलाटावर होते, त्यांनी लाल झेंडा दाखवला. पप्पांनी गाडी थांबवली, पण झेंड्याच्या दीड फूट पुढे. बॉल फुटला, बाकी कोणाला काही नाही. पण धोक्याचा सिग्नल ओलांडणं म्हणजे रेल्वेत खुनाच्या खालोखाल. काकांनी पप्पांकडे लेखी खुलासा मागितला. ज्या माणसाची नोकरी डोळ्यांमुळे गेली त्याला विचारलं, की तुम्हाला लाल रंग दिसला नाही का. पप्पांनी फुलस्केप कागदावर खुलासा लिहिला. त्यात लिहिलं की दाखवलेला झेंडा धुवून धुवून गुलाबी झालेला होता आणि गुलाबी झेंड्याबद्दल नियमात काही तरतूद नाही. झेंडे दर शनिवारी लिमये काकू धुवायच्या. काकूंच्या धुण्याला नाव ठेवलं म्हणून काकांनी बोलणं टाकलं, आणि डोळ्यांवर बोट ठेवलं म्हणून पप्पांनी.

गाडी मात्र एक दिवस बंद राहिली नाही. रेल्वेत तसं बोलायची गरजच नसते. सकाळी काका टोकन पुढे करायचे, पप्पा घ्यायचे. टोकन म्हणजे चामड्याच्या पिशवीतला लोखंडी गोळा. एकेरी मार्गावर तो ज्याच्या हातात त्याचीच गाडी रुळावर जाणार, म्हणजे समोरून दुसरी येऊन धडकत नाही. इथे दुसरी गाडी नव्हतीच, पण काकांनी चोवीस वर्षं टोकनाशिवाय गाडी सोडली नाही. मग हिरवा झेंडा, पप्पांची शिट्टी, निघाली गाडी. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे चहा. गुंडाळलेला झेंडा काखेत म्हणजे जेवण. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पप्पा गाडी इतकी हळू काढायचे की पोरं उतरून बाजूने चालायची, का तर काकांना चढायला वेळ मिळावा. आई गेली तेव्हा बागेच्या फाटकावर बोर्ड लागला, 'तांत्रिक कारणामुळे गाडी तेरा दिवस रद्द'. काका स्मशानात युनिफॉर्मवर आले, मागे उभे राहिले, टोपी हातात, आणि न बोलता गेले. मला तेव्हा दोघांचाही इतका राग आलेला की बास.

गाडी बंद होणार हेही पप्पांना तिकीट खिडकीवरच्या नोटिशीतून कळलं. ठेक्याची मुदत संपत होती, पुढे चालवायची तर नवे रूळ आणि नवं इंजिन लागणार होतं, आणि काकांनी आपण पुढे घेत नाही म्हणून कळवलेलं. नोटिशीच्या खाली लिहिलं होतं, 'प्रत: ड्रायव्हर'. पप्पांनी मला फोन करून सांगितलं, नोटीस लागली. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

मला गाडीचं एवढं काही नव्हतं. पण आई गेल्यापासून पप्पा कल्याणला एकटे राहतात. माझ्याकडे या म्हटलं तर डोंबिवलीचं पाणी जड आहे म्हणतात. रोज ठाण्याला जायचे म्हणून दाढी व्हायची, शर्टाला इस्त्री व्हायची. आणि या जगात त्यांचा म्हणावा असा दोस्त एकच, ज्याच्याशी ते फक्त झेंडा आणि शिट्टीने बोलतात. गाडी गेली की झेंडा गेला, शिट्टी गेली. मग हे दोघे काय करणार? फोन करणाऱ्यातले दोघेही नाहीत. ही एक भीती घेऊन मी त्या रविवारी गाडी काढली.

डोंबिवली पूर्वेतून सकाळी सव्वासातला निघाले. नव्वद फुटी रस्त्याने कल्याणला वीस मिनिटांत पोचता येतं, रविवारी. इतर दिवशी पत्रीपुलाशी काय होतं ते मी लिहीत नाही, हा आनंदाचा ब्लॉग आहे. पप्पा कोळसेवाडीत बिल्डिंगच्या खाली उभे होते. निळा शर्ट, निळी पँट, बूट पॉलिश केलेले, हातात पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा आणि ॲक्सिलरेटरची स्पेअर केबल. मी म्हटलं, पप्पा, शेवटचा दिवस आहे, आज केबल कशाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गिअर टाकला.

तिथून दुर्गाडीचा पूल, कोन, रांजणोली नाका आणि मग नाशिक हायवे. हायवेचं रुंदीकरण चालू आहे, बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे कोणत्या बाजूने जायचं ते रोज नव्याने शिकावं लागतं. कोनच्या पुढे डाव्या हाताला पत्र्याच्या शेडमध्ये मिसळ मिळते. तिखट आहे, पाव ताजा आणि चहा पाणचट. साठ रुपयांत पोट भरतं. पप्पांनी खाल्ली नाही, ड्युटीच्या आधी ते तेलकट खात नाहीत. माजिवड्याला पुलाखाली पंधरा मिनिटं गेली. पप्पा सारखे घड्याळ बघत होते. मी म्हटलं, उशीर झाला तर काय होणार आहे आज? ते म्हणाले, "साइन ऑन नऊ पस्तीसला असतो. आजपण." साइन ऑन म्हणजे ड्युटीवर हजर झाल्याची सही.

गाडी नौपाड्यात लावली आणि तिथून रिक्षा केली. बागेशी पार्किंग शोधण्यापेक्षा हेच बरं, हा सल्ला बाग कोणतीही असली तरी लागू आहे. नऊ तेहेतीसला फाटकात होतो.

लिमये काका खिडकीच्या आत बसलेले. पांढरा शर्ट, काळी टाय, पातळ झालेले केस तेल लावून बसवलेले. मला बघून उठले, म्हणाले, ये गं, आलीस ते बरं झालं. काकू कशा आहेत विचारलं तर म्हणाले, घरी आहे, तिला हे बघायचं नाही. मग पप्पांकडे न बघता टोकन पुढे केलं. पप्पांनी काकांकडे न बघता घेतलं. दोघांचीही नजर मधल्या एका कुंडीवर. मला वाटलं आज तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. पप्पा इंजिनात तेल बघायला गेले.

आता प्रवासाविषयी. तिकीट वीस रुपये, परतीचं वेगळं नाही कारण रूळ गोल आहे. पहिल्या डब्यात उजवीकडे बसा, सावली असते. ठाणे सोडलं की डावीकडे कारंजं लागतं, ते बंद आहे. दोन मिनिटांत कल्याण, म्हणजे पाण्याच्या टाकीखाली पिवळी पाटी आणि एक बाक. इथे अर्धा मिनिट थांबा. चढउतार होत नाही, पण काका उतरून दोन्ही बाजूंना बघतात आणि मगच झेंडा दाखवतात. पुढे कसारा, शेवग्याच्या झाडापाशी. कसाऱ्यानंतर घाट, म्हणजे पत्र्याचा बोगदा, वीस फूट. सगळी पोरं इथे ओरडतात, आणि खरं सांगायचं तर मीही ओरडले. बोगद्यातून बाहेर आलं की इगतपुरी. इथे गाडी एक मिनिट थांबते, कारण खऱ्या इगतपुरीला घाट चढवणारं जादा इंजिन काढतात. इथे काढायला काही नाही, तरी मिनिट पूर्ण होतं. इगतपुरीनंतरचं स्टेशन परत ठाणे. भूगोलाबद्दल काकांशी वाद घालायचा नाही, मी कॉलेजात असताना घातलेला.

दुपारपर्यंत मी सहा वेळा इगतपुरीला जाऊन आले. लोक येत होते. कोपरीचा एक माणूस बायकोला सांगत होता की मी चौथीत असताना या गाडीतून उतरताना पडलेलो, ही बघ खूण. बायको म्हणाली की ही खूण तर तू बाइकवरून पडलास त्याची म्हणून सांगितलेलीस. एका कॉलेजच्या मुलीने फेरी संपल्यावर मैत्रिणीला विचारलं, "बस, एवढंच?" मैत्रीण म्हणाली, "अगं फील घे ना." दोघींनी फील घेतला आणि परत तिकीट काढलं.

पारूबाईंची ओळख करून देते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, सत्तरीच्या, मासळी विकून परत जाताना रोज या गाडीत बसतात. बागेचं पुढचं फाटक बाजाराच्या बाजूला आणि मागचं त्यांच्या रिक्षा स्टँडच्या बाजूला. त्या ठाण्याला चढतात आणि इगतपुरीला उतरतात, रिकामी पाटी मांडीवर घेऊन. बागेला वळसा घालायचे पाय वाचतात. चोवीस वर्षांत या गाडीला कुठेतरी पोचायला म्हणून बसलेल्या एवढ्या एकच. काकांनी त्यांना पास दिलेला आहे, फोटो चिकटवलेला, मागे नियम लिहिलेले. मी विचारलं, आता कसं करणार? म्हणाल्या, चालणार, दुसरं काय, पाय हायत ना. मग म्हणाल्या की तुझ्या बापाचं काय ते बघ.

जेवणाच्या वेळेला झेंडा काखेत गेला. पप्पा इंजिनाच्या पायरीवर बसले, काका शेवटच्या डब्याच्या पायरीवर. मध्ये तीन डबे. पप्पांनी डबा उघडून त्यातली अर्धी मेथीची भाजी झाकणात काढली आणि ती मधल्या डब्याच्या बाकावर ठेवून आले. थोड्या वेळाने काका उठले, झाकण घेऊन गेले, आणि परत ठेवलं तेव्हा त्यात काकूंच्या हातची ओल्या नारळाची करंजी होती. मी हे पहिल्यांदा बघत होते. मी विचारलं, हे रोज चालतं का? पप्पा म्हणाले, गुरुवारी नाही, गुरुवारी त्यांचा उपास. मी जेवण तसंच ठेवलं. उठून कारंज्याकडे जाऊन आले.

संध्याकाळी शेवटची फेरी सहा पाचची. तिन्ही डबे भरले. काहींनी हार आणलेले, इंजिनाला घालायला. काकांनी घालू दिले नाहीत, समोरचं दिसत नाही म्हणून. पारूबाई बाजारातून कधीच परत गेलेल्या, तरी या फेरीला मुद्दाम आल्या, साडी बदलून. टोकन दिलं, घेतलं. सहा पाचला हिरवा झेंडा, सहा पाचला शिट्टी. कारंजं, टाकी, कल्याण. काका उतरले, दोन्हीकडे बघितलं, चढले. कसारा. बोगद्यात पोरं ओरडली, मोठी माणसंही ओरडली, आणि पलीकडे इगतपुरीला गाडी थांबली.

एक मिनिट झालं. झेंडा आला नाही. मी मागे वळून बघितलं, काका शेवटच्या डब्यात सरळ बसलेले, झेंडा मांडीवर. पुढे बघितलं तर पप्पा दोन्ही हात हँडलवर ठेवून समोर बघतायत. झेंडा उशिरा आला तर ड्रायव्हरने शिट्टी मारून आठवण करायची असते. पप्पांनी मारली नाही. दोन मिनिटं झाली. पारूबाई उतरल्या नाहीत. इथून पुढे ठाणे, आणि ठाण्याला टोकन परत दिलं की संपलं. झेंडा दाखवायचा काकांना धीर होत नव्हता आणि मागायचा पप्पांना. डब्यातली माणसं चुळबुळायला लागली. कोपरीवाला म्हणाला, बंद पडली वाटतं, शेवटच्या दिवशीच बघा. मी खाली उतरून एकेकाचं बखोट धरणार होते.

पारूबाई त्याला म्हणाल्या, "गप ऱ्हा. त्यांचं त्यांना करू दे."

तेवढ्यात काका उतरले. दुखरा गुडघा, त्यामुळे आधी एक पाय, मग दांड्याला धरून दुसरा. रुळाच्या कडेने एकेक डबा मागे टाकत इंजिनापाशी आले. काका पप्पांच्या बाजूला उभे राहिले. पप्पा समोरच बघत होते.

"ड्रायव्हर," काका म्हणाले, "उद्या गाडी नाही."

"माहीत आहे."

काकांनी खिशातून रुमाल काढला, त्याने टाय पुसली, परत ठेवला.

"मग किती वाजता येणार?"

पप्पांनी समोरच्या स्पीडच्या काट्याकडे बघितलं. तो काटा चोवीस वर्षांत कधी हललेला नाही.

"नऊ पस्तीसला."

"घरी ये. बाग उद्या दुरुस्तीला बंद आहे." काका म्हणाले. मग तेवढंच अंतर परत चालत गेले, चढले, बसले आणि हिरवा झेंडा दाखवला. पप्पांनी शिट्टी दिली. ती जरा जास्तच लांब झाली. मी रडत होते, शेजारची कॉलेजची मुलगीही रडत होती, तिला काय चाललंय ते अजिबात माहीत नसताना. ठाण्याला गाडी चार मिनिटं लेट पोचली. टोकन परत झालं. पप्पांनी इंजिन बंद केलं, केबल पिशवीत टाकली, आणि आम्ही निघालो.

येताना माणकोलीवरून मोठागावच्या नव्या पुलाने आलो. हा रस्ता जरूर घ्या, ठाणे-डोंबिवली अर्ध्या तासात होतं आणि पुलावरून खाडी दिसते. थांबायला मनाई आहे, सगळे थांबतात. पप्पा त्या रात्री माझ्याकडेच राहिले, डोंबिवलीचं जड पाणी दोन ग्लास प्यायले आणि लवकर झोपले. मी हिशोब मांडत बसले, की या सहलीतून वाचकांना काय सांगायचं. बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही. रूळ काढतील, पिवळ्या पाट्या जातील, पारूबाई चालत जातील. तीनशे मीटरच्या गाडीने दोन माणसांना चोवीस वर्षं रोज भेटवलं, हे काही पर्यटनस्थळ होत नाही.

सोमवारी मी उठले तेव्हा पप्पांची दाढी झालेली होती. निळा शर्ट घातला नव्हता, माझ्याकडे ठेवलेल्या त्यांच्या कपड्यांतला पांढरा घातलेला, मला तो आधी त्यांच्या अंगावर दिसलेला आठवत नाही. नाश्ता नको म्हणाले, तिकडे काहीतरी असेलच. पावणेआठला रिक्षाने गेले.

माझं ऑफिसात लक्ष लागेना. अकरा वर्षांचा अबोला, आता मध्ये डबे नाहीत, झेंडा नाही, दोघे एका खोलीत समोरासमोर. गप्प बसून परत आले तर? उद्या कोण कोणाला बोलावणार? साडेअकराला राहवलं नाही, फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे लिमये काकांचा आवाज, चांगलाच चढलेला, आणि काकू कुठूनतरी आतून म्हणतायत की आधी चहा घ्या दोघांनी, गार झाला.

मी विचारलं, "पप्पा, काय करताय?"

"भांडतोय," पप्पा म्हणाले. "नंतर कर."